माझ्या अंगात आलं नव्हतं

गडाच्या पायऱ्यांवर मी पहिल्यांदा पडले आणि शुद्धीवर आले, तेव्हा कपाळभर कुंकू होतं, ओटीत नारळ होता आणि पायाशी बायकांची रांग लागली होती. कोणी डॉक्टर बोलावला नव्हता. कोणी पाणी विचारलं नव्हतं. सगळ्या हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी आता काय बोलते म्हणून.

माझं नाव मंगल. वय त्रेपन्न. नाशिकला लागून मखमलाबादच्या अंगाला आमची दीड एकर बागायत आहे. झेंडू, शेवंती आणि बांधाच्या कडेने थोडा भाजीपाला. मी दहावी शिकलेली, लिहायची काही सवय नाही. ऑपरेशननंतर दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमच्यासारख्या बायका फार उशिरा येतात हो, तुम्ही लिहा, त्या वाचतील. मी म्हटलं लिहिते, पण मग सगळं लिहीन. सगळं म्हणजे माझं खोटंसुद्धा. त्या खोट्यापायी माझी धाकटी बहीण गेली असं मला वाटतं, आणि तिची पोरगीही त्याच वाटेने निघाली होती. आजारपण नुसतं माझं असतं तर मी कागद खराब केला नसता.

नऊ दिवस

फुलवाल्यांच्या घरात नवरात्र म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. लोक देवीपुढे बसतात, आम्ही झेंडूत वाकलेले असतो. दसऱ्याचा माल त्या नऊ दिवसांत काढायचा. उजाडायच्या आत तोडणी सुरू, ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत. आणि मी लग्न होऊन आल्यापासून नऊ दिवसांचा कडक उपवास धरणारी. दिवसातून दोन कप चहा आणि पाणी. सासूबाईंनी धरला होता, म्हणून मी धरला. नाही म्हणायची सोयच नव्हती.

त्या वर्षी मला आधीपासून दम लागत होता. विहिरीपासून घरापर्यंतची चढण चढताना मी दोनदा थांबायचे. छातीत मध्येच एक ठोका चुकल्यासारखा व्हायचा आणि पुढचे चार ठोके एकदम पडायचे. मी म्हणायचे, वय झालं. शेजारणी म्हणायच्या, पाळी जायच्या दिवसांत होतं असं. सगळ्यांकडे काही ना काही उत्तर होतं, मग डॉक्टरकडे कोण जातंय.

सातव्या माळेला आम्ही आळीतल्या दहा-बारा जणी, सासूबाई आणि आमचे हे असे जीप करून वणीच्या गडावर गेलो. मी म्हटलं मी पायऱ्यांनीच जाणार, नेम आहे. निम्म्या पायऱ्या चढले असेन. छातीत फडफड सुरू झाली, कान बंद झाले, समोरच्या बाईची हिरवी साडी काळी दिसायला लागली. पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तर माझ्या सासूबाई समोर. ही बाई तीस वर्षांत माझ्या हातच्या भाकरीला बरी म्हणाली नव्हती. मी आजारी पडले की नाटकं करते म्हणणारी. त्या हात जोडून रडत होत्या आणि मला म्हणाल्या, "आई, आमचं काय चुकलं?"

मला कळलं होतं की मला चक्कर आली. माझ्या जिभेला चावा बसला होता, कोपर सोललं होतं, लुगडं ओलं झालं होतं. देवी येते तेव्हा काय होतं मला माहीत नाही, पण हे ते नव्हतं, एवढं मला त्याच वेळी ठाऊक होतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा ती बाई माझ्यापुढे वाकली होती, आणि मला ते सोडवेना.

मंगळवारच्या बायका

त्यानंतर घरातलं वारं फिरलं. सकाळचा चहा मला हातात मिळायला लागला. सासूबाई मला मंगल म्हणायच्या त्या मंगलबाई म्हणायला लागल्या. मंगळवारी आळीतल्या बायका यायच्या, हळदकुंकू लावायच्या, पोराचं लग्न कधी ठरेल, जावई दारू कधी सोडेल ते विचारायच्या. मी म्हणायचे, होईल, धीर धरा. त्याच्यापलीकडे मी कधी गेले नाही, अशी मी माझी समजूत घालत असे.

मध्ये दोनदा खरीच चक्कर आली, एकदा आरतीत आणि एकदा हौदावर. आणि एकदा, तेही लिहिते, काहीच झालेलं नसताना आरतीला मी स्वतःहून घुमले. बायका वाट बघत होत्या. ढोल वाजत होता. न घुमले तर त्या काय म्हणतील या विचाराने मी मान हलवायला सुरुवात केली आणि मग थांबता येईना. घरी आल्यावर मी न्हाणीत जाऊन रडले. आमचे हे बाहेरून विचारत होते, काय झालं म्हणून. मी म्हटलं साबण गेला डोळ्यात.

डॉक्टरकडे जायचा विचार यायचा. पण जाऊन काय सांगणार? मला चक्कर येते असं सांगितलं की सगळं उघडं पडणार. ज्या बायका पाया पडल्या त्या तोंडावर थुंकतील. मी माझा आजार माझ्याच हाताने कुलपात घातला होता.

सुनंदाचा फोन

सुनंदा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. चांदवडजवळ एका खेड्यात दिलेली, घरी कांद्याची शेती. आई लवकर गेली, म्हणून तिची वेणीफणी मी केलेली. लग्नात तिने माझा पदर सोडला नव्हता. ती कुठलीही गोष्ट मला विचारल्याशिवाय करायची नाही, मग ती पोरीचं नाव ठेवण्याची असो नाहीतर दाढ काढण्याची.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी तिचा फोन आला. मी पडवीत शेवंती निवडत होते. सासूबाई माझ्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या.

"ताई, एक विचारू का? खरं सांगशील?" ती म्हणाली.

मी म्हटलं, विचार ना.

"तुझ्या अंगात येतं, त्याच्या आधी छातीत फडफडतं का गं? डोळ्यांपुढं अंधार येतो का? मी परवा कांदा उपटताना पडले. इथं सगळे म्हणतात, बहिणीचं वारं आलं. मला काय समजंना. तसंच असतं का ते, का मी दवाखान्यात दाखवू?"

सासूबाईंनी फुलं निवडायचं थांबवलं होतं. त्या ऐकत होत्या. सुनंदाचा आवाज फोनमधून बाहेर येत होता की नाही ते मला माहीत नाही, पण मला वाटलं, येतोय. मी म्हटलं, "तसंच असतं. घाबरू नको. नेम नीट पाळ."

ती म्हणाली, बरं झालं बाई, माझा जीव टांगणीला लागला होता. मग तिने कांद्याचं, अश्विनीच्या कॉलेजचं काही सांगितलं, मी हूं हूं केलं आणि फोन ठेवला.

मला उठून बाहेर जाऊन परत फोन लावता आला असता. अंगणात गेले असते तरी पुरलं असतं. मी उद्या करते म्हटलं. उद्या फुलांची गाडी होती. परवा पाहुणे आले. मग वाटलं, तिला परत काही झालेलं दिसत नाही, झालं असतं तर बोलली असती. पाच महिने मी असंच काहीतरी म्हणत राहिले.

चैत्र

उन्हाळ कांदा काढायला आला होता. सुनंदा कांदा साठवायच्या चाळीत पाटी रिकामी करत होती. वाकली ती उठली नाही. जीपमध्ये घालून चांदवडला नेलं, तिथे डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि परत घेऊन जा म्हणाले. सत्तेचाळीस वर्षांची होती.

गडावर चैत्राची यात्रा चालू होती, म्हणून लोकांना कारण सापडायला वेळ लागला नाही. आईने बोलावून घेतलं, पुण्यवान होती. दहाव्याला मी तिच्या दारात बसले होते, आणि तिच्या सासरकडच्या दोन बायका येऊन माझ्या पाया पडल्या. तिच्या दहाव्याला. मी पाय मागे घेतले, तर त्या म्हणाल्या, रागावू नका. अश्विनी, तिची एकुलती पोरगी, बावीस वर्षांची, भिंतीला टेकून बसली होती आणि कोणाकडेच बघत नव्हती. मला तेव्हा जमिनीने फाटून आत घ्यावं असं वाटलं. पण मी बोलले नाही. त्या दिवशीही नाही.

दोन पाकळ्या

वैशाखात मी फुलबाजारात पडले. पाट्या उतरवून झाल्या होत्या, मी पाणी पीत उभी होते. तिथे कोणाला माझ्या देवीचं माहीत नव्हतं. तिथे मी नुसती एक पडलेली बाई होते, आणि तेच माझ्या नशिबाचं ठरलं. आमच्या टेम्पोवाल्याने आणि एका हमालाने उचलून रिक्षात घातलं आणि थेट मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर पोरगीच होती, माझ्या मुलाच्या, नितीनच्या वयाची. तिने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिली, मग नळी मानेला लावली. मला म्हणाली, पडायच्या आधी काय होतं? मी पहिल्यांदा जसं होतं तसं सांगितलं. फडफड, कान बंद, अंधार. किती वेळा? चार वेळा. चार? मग आत्ता येताय? ती रागावली माझ्यावर, आणि मला ते बरं वाटलं. इतक्या दिवसांत कोणी माझ्यावर रागावलं नव्हतं.

मग कार्डिओग्राम काढला, सोनोग्राफीसारखं छातीवर थंडगार जेल लावून एको केला. संध्याकाळी मोठ्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. हृदयातून रक्त अंगात जातं त्या दाराशी एक झडप असते. ती तीन पाकळ्यांची असते. माझी जन्मापासून दोनच पाकळ्यांची, आणि आता ती चुना बसल्यासारखी कडक होऊन जेमतेम उघडत होती. हृदय जोर लावून लावून जाड झालं होतं, आणि त्यापायी ठोक्यांची लय बिघडत होती. बाई म्हणाल्या, अशा माणसाने उपाशीपोटी, नुसत्या चहापाण्यावर डोंगर चढायचा म्हणजे कमालच आहे. पडलेला माणूस दरवेळी उठतोच असं नाही.

मग त्यांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, घरात कोणी तरुण वयात अचानक गेलंय का?

आमचे हे म्हणाले, हिची बहीण गेली महिन्यापूर्वी, पण तिचं वेगळं होतं, देवाचं होतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी सुनंदाचं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, आता नक्की सांगता येणार नाही, पण हा दोष काही घरांत रक्ताने चालतो. भाऊ, बहिणी, त्यांची मुलं, सगळ्यांचा एको करून घ्या. तुमच्या बहिणीला मुलं आहेत का?

मला त्या दिवशी माझ्या छातीचं काही वाटलं नाही. मी नुसती सुनंदाच्या आवाजातलं 'का मी दवाखान्यात दाखवू' ऐकत बसले होते.

वॉर्ड

ऑपरेशनच्या आधी मला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मला हसू आलं, बिघाड छातीत आणि हे तोंडात बघतायत. पण किडलेल्या दाताचा जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतो म्हणे. दोन दाढा काढल्या. ज्यांना हे ऑपरेशन सांगितलं असेल त्यांनी दात आधी बघून घ्या, नाहीतर तारीख पुढे जाते आणि जीव तेवढे दिवस आणखी कुढतो.

दवाखान्याचा दिवस पाचला सुरू होतो. रक्त घ्यायला येतात, मग बीपी, मग अंग पुसायला मावशी. माझ्या छातीला पाच तारा आणि डोक्याशी हिरवी रेघ. ती रेघ वाकडी झाली की यंत्र ओरडायचं, नर्स यायची, बटण दाबायची, जायची. पहिले दोन दिवस मी प्रत्येक ओरडण्याला मेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरची देवळाली कॅम्पची म्हातारी म्हणाली, यंत्राकडे बघू नको, नर्सच्या पायांकडे बघ. ती पळत आली तर घाबर, चालत आली तर झोप. त्या एका सल्ल्यावर मी सगळे दिवस काढले. म्हातारी माझ्याआधी दोन दिवस ऑपरेशनला गेली आणि परत वॉर्डात आली नाही. तिची खाट पुसताना मी तोंड फिरवून घेतलं.

घरात मात्र वेगळंच पेटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, जिच्या अंगात आई येते तिची छाती फाडणार? अंगाला हात लावू देणार नाही मी कोणाला. आमचे हे दोन्हीकडून भरडले जात होते. सहीचा कागद घेऊन ते माझ्या खाटेशी बसले आणि खाली बघून म्हणाले, तूच एकदा विचारून बघ ना देवीला, करू का नको. म्हणजे माझ्या ऑपरेशनचा कौल त्यांना माझ्याकडूनच हवा होता.

मी म्हटलं, "कोणी येत नाही माझ्या अंगात. कधीच आलं नव्हतं. मला चक्कर येत होती, आणि मी गप्प बसले."

ते सहीचा कागद मांडीवर सारखा करत राहिले. नंतर हळूच म्हणाले, "मग सुनंदाला?"

मी मान हलवली. त्यांनी सही केली, कागद नर्सला दिला आणि बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा त्यांनी फक्त माझ्या पायावर चादर ओढली.

सासूबाईंनाही मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आई रागावली की असं उलटं बोलायला लावते. त्यांचा विश्वास आजही बसलेला नाही. दोन वर्षं खोटं पसरवायला मला काही कष्ट पडले नाहीत. खरं मात्र कोणाच्या गळी उतरेना.

ठोका

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, आणि वाचणाऱ्यांनीही त्याची फार भीती बाळगू नये. भीती नंतरची. घशात नळी, बोलता येत नाही, तहान लागलेली, आणि खोकला आला की छाती उकलेल असं वाटतं. छातीशी उशी घट्ट धरायची आणि मग खोकायचं, हे शिकवतात. माझ्या जवळ नितीन होता. माझं ते कार्टं कधी स्वतःचा पेला उचलून ठेवायचं नाही, पण त्याने माझे केस विंचरले.

चौथ्या दिवशी हिरवी रेघ बिघडली आणि नर्स पळत आली. नवी झडप बसवताना हृदयाची आतली वायरिंग दुखावली होती, ठोके मध्येच गायब होत होते. पोटाजवळून निघालेल्या बारीक तारा एका डबीला जोडून दोन दिवस त्या डबीवर माझं हृदय चाललं. मला नुसतं एवढं कळत होतं की आता त्या डबीचा सेल संपला तर मी संपले. मी नर्सला दर तासाला विचारायचे, सेल आहे ना? ती बिचारी दर तासाला उघडून दाखवायची. शेवटी खांद्याखाली कायमचा पेसमेकर बसवला. आता आत लोखंडी झडप टिकटिक करते, आणि रोज रक्त पातळ करायची गोळी आहे. ती गोळी चुकवायची नाही, रक्त तपासायची तारीख चुकवायची नाही. विळा जपून धरायचा. मी तोडणीला आता जात नाही.

वॉर्डातूनच मी नितीनला रमेशरावांना, सुनंदाच्या नवऱ्याला, फोन करायला लावला, की अश्विनीची तपासणी करा. माझ्या तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. रमेशराव म्हणाले, सुनंदाचं वेगळं होतं. आणि आता पोरीची सोयरीक जमत आलीय, लग्नानंतर बघू. मी म्हटलं बरं. नितीनचा एको केला, तो व्यवस्थित निघाला. मी तेवढ्यावर पुन्हा गप्प बसले.

चौथी माळ

पुढचं नवरात्र आलं तेव्हा मला घरी येऊन दोन महिने झाले होते. पाचव्या दिवशी सकाळी रमेशरावांचा फोन आला. आवाजात कौतुक होतं. "ताई, चांगली बातमी हाय. सुनंदाच्या जागी औंदा अश्विनीनं नऊ दिवस धरलेत. अन् काल चौथ्या माळेला, आरतीत, पोरीच्या अंगात आलं. पार पडली. तुमचं अन् सुनंदाचं तिनं घेतलं."

मी नितीनला म्हटलं, गाडी काढ. तो म्हणाला, तुला अजून एवढा प्रवास सांगितला नाही. मी म्हटलं, तू काढतोस का मी एसटीने जाऊ? आमचे हे न बोलता पुढच्या सीटवर येऊन बसले. रस्ताभर मी छातीशी उशी धरून बसले होते.

सुनंदाच्या घरात घट बसलेले होते, माळ लोंबत होती. आळीतल्या बायका अश्विनीला ओवाळायला आलेल्या. ती पाटावर बसलेली, ओठ सुकलेले, चार दिवस पोटात काही नाही. मला बघून बायका वाट करून द्यायला लागल्या. मी म्हटलं, आधी तिला पाणी द्या. साखर घालून द्या. मग मी तिथेच, सगळ्यांसमोर, खाली बसून सांगितलं. मला चक्कर यायची, देवी कधी आली नाही, डॉक्टरांनी छाती उघडून माझी झडप बदलली. सुनंदाने मला फोन करून विचारलं होतं, आणि मी तिला खोटं सांगितलं.

एक म्हातारी म्हणाली, देवीसमोर असं बोलू नये. मी म्हटलं, देवीसमोर आहे म्हणूनच बोलतेय. देवीने कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मी.

रमेशराव दाराला धरून उभे होते. मला वाटलं आता अंगावर येतील, यावं असंही वाटलं. ते म्हणाले, "ताई, ती मला म्हणाली होती, दवाखान्यात जाऊ का. मीच म्हणलं, ताईला विचार, ताई सांगंल ते करू." एवढं बोलून ते उंबऱ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून मोठ्याने रडले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, सोयऱ्यांना काय सांगायचं, कागदावर काही निघालं तर पोरगी घरात राहील. मी म्हटलं, घरात राहील ना. जिवंत राहील. अश्विनीने पाण्याचा तांब्या पूर्ण प्यायला, तो खाली ठेवला, घटाला नमस्कार केला आणि चप्पल घातली. तिने मला विचारलं, दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?

दरवर्षी एकदा

अश्विनीची झडपही दोन पाकळ्यांचीच निघाली. अजून कडक झालेली नाही, पण छातीला चोवीस तास यंत्र लावून बघितलं तर ठोके मध्ये मध्ये बिघडत होते. रोज एक गोळी, उपाशी राहायचं नाही, आणि वर्षातून एकदा एको. बाळंतपणाच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. सोयऱ्यांना तिने स्वतःच फोन करून सांगितलं. ते पंधरा दिवस विचार करतो म्हणाले आणि मग त्यांचा फोन आला नाही.

हे वाचणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे. चढताना दम लागत असेल, छातीत ठोके चुकत असतील, डोळ्यांपुढे अंधार येऊन तुम्ही पडला असाल, तर आधी दवाखान्यात जा. देवीला नंतर भेटा, ती कुठे जात नाही. मी आजही तिच्या पाया पडते, पोटभर खाऊन पडते. आणि तुमच्या घरी कोणी पडलं तर कुंकवाचा करंडा शोधायच्या आधी गाडी शोधा. तुमच्या डॉक्टरांनी घरच्यांची तपासणी सांगितली असेल, तर दुसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवू नका. स्वतः जा आणि कारणासकट सांगा.

अश्विनीचा या वर्षीचा एको मागच्या महिन्यात झाला. ती चांदवडहून एसटीने येते, मी दवाखान्याच्या दारात उभी असते. आम्ही रिपोर्टबद्दल बोलतो, बाकी काही नाही. जेवायला चल म्हटलं की ती म्हणते, गाडी चुकेल. या वेळी नंबर यायला वेळ होता, आम्ही बाकावर शेजारी बसलो होतो. तिने समोर बघत विचारलं, "मावशी, तू खरं सांगितलं असतंस तर आई वाचली असती का?"

डॉक्टरबाईंनी मला हे उत्तर शिकवलेलं आहे. नक्की सांगता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं, स्वतःला दोष देऊ नका. ते सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

मी म्हटलं, "हो. मला वाटतं, वाचली असती."

मग आतून तिचं नाव पुकारलं. ती उठली, पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि आत गेली.